आंबागची लाइन

लुडिविना आवींगान सकाळची कॉफी वीजघरातच प्यायची. टर्बाइनच्या घरघरीत बाहेरून कोणी हाक मारली तरी ऐकू येत नसे, आणि तिला ते बरंच वाटे. खालच्या शहरातल्या तंत्रशाळेत पोरांना वीज शिकवण्यात तिची उमेदीची वर्षं गेली होती. केस पिकल्यावर ती डोंगरात आपल्या गावी परतली आणि गावाने वीजघराची किल्ली तिच्या हातात ठेवली. गावात ती सगळ्यांची मनांग लुडी होती, म्हणजे थोरली बहीण. तिच्याहून म्हातारी माणसंही तिला मनांगच म्हणत, कारण गावाचा उजेड तिच्या हातात होता.

वीजघर तसं लहानच. वरच्या ओढ्याचं पाणी पाटाने कड्याच्या अंगाअंगाने आणून मोठ्या नळातून खाली सोडलेलं, त्यावर फिरणारं टर्बाइन, त्याला जोडलेलं जनित्र, आणि भिंतीवरच्या फळीवर तीन लायनींचे तीन खटके नि तीन मीटर. मीटर जुन्या पद्धतीचे, काचेआड चकती फिरणारे. पहिली लाइन वरच्या आळीची. दुसरी शाळा, चर्च आणि भात सडायच्या गिरणीची. तिसरी आंबागची.

आंबाग म्हणजे खालची वाडी. ती आता नव्हती. दोन पावसाळ्यांपूर्वीच्या वादळात वरचा डोंगर सुटला आणि वाडीवर येऊन बसला. वाडीच्या वरच्या अंगाला खाण कंपनीने रस्त्यासाठी डोंगर कापला होता. कंपनी म्हणे पावसाने झालं, गाव म्हणे कापल्याने झालं, आणि तो वाद कोर्टात जाऊन निजला होता. माती उपसून काही माणसं मिळाली, बरीच मिळाली नाहीत. न मिळालेल्यांत लुडीची धाकटी बहीण मार्सेला होती.

तिसरी लाइन आता कड्याच्या टोकापर्यंतच जायची. तिथे शेवटचा खांब होता. येणाऱ्याजाणाऱ्याला कडा दिसावा म्हणून त्यावर एक दिवा लावला होता, तो कधीतरी फुटला. लुडीने तारांची टोकं कापून त्यांना काळी चिकटपट्टी गुंडाळली. वीजघरातला खटका मात्र तिने पाडला नाही. का पाडला नाही, हे तिला कोणी विचारलं नाही आणि तिनेही स्वतःला विचारलं नाही.

गिरणीतले दिवे मंद वाटतात अशी तक्रार आली, म्हणून एका सकाळी ती चिमट्यासारखा टाँग टेस्टर घेऊन एकेक तार तपासत होती. पहिली लाइन ठीक. दुसरी ठीक. सवयीने तिने तिसऱ्या तारेभोवतीही चिमटा धरला, आणि काटा हलला.

फार नाही. पाव अँपिअर.

तिने पुन्हा धरला. पाव अँपिअर. दाब दोनशे वीस व्होल्ट. दोनशे वीसला पावने भागलं की आठशे ऐंशी ओहम, आणि गुणलं की पंचावन्न वॅट. हा हिशोब तिला करावा लागत नसे, तो आपोआप व्हायचा. तंत्रशाळेत ती पोरांना सांगायची, तारेच्या पलीकडे काय आहे ते बघायला तिकडे जायची गरज नाही. दाबाला प्रवाहाने भागा म्हणजे रोध कळेल, दाबाला प्रवाहाने गुणा म्हणजे शक्ती कळेल. एवढ्यावरून वस्तू ओळखता आली नाही तर तुम्ही वायरमन नाही, नुसते तार ओढणारे.

पंचावन्न वॅट म्हणजे दोन दिवे. कोणीतरी दिवसाउजेडी चालू ठेवलेले.

ओल धरली असेल, असं म्हणत ती कड्यावर गेली. ऊन लख्ख होतं. खाली लाल मातीचा उतार पसरला होता, त्यावर आता गवत आणि रानकेळी उगवल्या होत्या. शेवटच्या खांबाला शिडी लावून ती वर चढली. तारांची टोकं कोरडी ठणठणीत, चिकटपट्टी जशीच्या तशी. टोकाच्या वीतभर अलीकडे तिने चिमटा धरला. पाव अँपिअर. तिने तो पुढे सरकवला, चिकटपट्टीला अगदी लागून. पाव अँपिअर.

तार हवेत संपत होती. तरी तिच्यातून प्रवाह पुढे जात होता.

लुडी खाली उतरली, दुसरा मीटर घेऊन आली आणि पुन्हा चढली. मीटर बदलला, आकडा बदलला नाही. तिला भीती वाटली नाही. आधी राग आला, कोणीतरी आपल्याला मूर्ख बनवत असल्यासारखा.

त्या संध्याकाळी दिवेलागणीला ती तिसऱ्या तारेला चिमटा लावून फळीसमोर स्टूल टाकून बसली. जमिनीत गळती असेल तर ती पावसाने वाढेल, उन्हाने कमी होईल. ती हळूहळू चढेल, हळूहळू उतरेल. हा काटा तसा चढला नाही. तो पायरी चढल्यासारखा चढला. एक पायरी म्हणजे एक दिवा, पंचवीस वॅटचा, दोन हजार ओहमच्या आसपासचा. एक दिवा लागला. थोड्या वेळाने लगोलग दोन. मग एक. मग बरंच थांबून शेवटचा.

त्या शेवटच्या दिव्याला ती स्टुलावरून उठली. आंबागमध्ये बुयागान मास्तर राहायचे. भारी चिक्कू माणूस. सगळी वाडी उजळली, जेवायला बसली, तरी मास्तर अंधारात चाचपडत असायचे आणि वाडी त्यांची थट्टा करायची. त्यांचा दिवा नेहमी सगळ्यांच्या मागून लागे.

लुडीने कोणाला सांगितलं नाही. सांगायचं काय? ती रोज बसू लागली. दिवे लागत, झोपायच्या वेळी एकेक करून मालवत. कधी एखादा उशिरापर्यंत राही, जसं आजाऱ्याच्या उशाशी ठेवतात तसा. ती आकडे बघे, भाग देई, आणि तिला घरं दिसत.

मग शनिवार आला. शनिवारी दुपारी गिरणीवर गर्दी असे. बायका भात घेऊन रांगेत बसलेल्या, लुडी पट्ट्याला तेल देत होती. अचानक गिरणीचा आवाज बसला. पट्टा मंदावला, छतावरचा दिवा लालसर झाला. आपो इनास नावाची म्हातारी, जिचा नातू आंबागच्या मातीखाली गेला होता, सुपात भात पाखडता पाखडता वर न बघताच करवादली, “झालं. मार्सेलाबाईंची इस्त्री लागली.”

कोणीतरी सवयीने हसलं. मग आपो इनासने सूप खाली ठेवलं आणि पदराआड हात लपवावेत तसे आपले हात मांडीवरच्या कापडात दडवले.

गावाच्या विजेवर इस्त्री चालवायची नाही असा नियम होता, कारण एका इस्त्रीने सगळ्या गावाचे दिवे बसायचे. मार्सेलाने तो नियम कधी पाळला नाही. रविवारी चर्चला नवऱ्याचा सदरा नि आपला झगा कडक हवेत म्हणजे हवेत. सभेत तिला बोलणी बसली तेव्हा ती सगळ्यांसमोर म्हणाली होती, “आठवड्यातून एक तास मी माणसासारखी दिसते, तेवढा वेळ तुम्ही अंधारात बसा.” त्या इस्त्रीची कॉइल एकदा जळाली होती. लुडीनेच जळका तुकडा कापून उरलेली तार पुन्हा जोडून दिली होती. तुकडा कमी झाल्याने तिचा रोध उतरला आणि ती बाजारातल्या कुठल्याही इस्त्रीपेक्षा जास्त वीज खाऊ लागली. बरोबर चाळीस ओहम. अशी दुसरी इस्त्री जगात नव्हती.

लुडी तेलाचा डबा टाकून वीजघराकडे धावली. दाब उतरून दोनशेवर आला होता. तिसऱ्या तारेला लावून ठेवलेल्या चिमट्याचा काटा पाचावर होता.

दोनशे भागिले पाच.

तिने हात लांब केला आणि मीटरच्या काचेवर तळवा टेकवला. काचेआड चकती भराभर फिरत होती. “कर,” ती म्हणाली. “कर इस्त्री. बघते कोण अडवतं.”

खाण कंपनीचा माणूस त्यानंतर थोड्याच दिवसांनी आला. इंजिनिअर पास्कुआ. सखल भागातला, मृदू बोलणारा, बुटांचा चिखल दाराबाहेर झटकून आत येणारा. त्याच्यासोबत गावाचा कापितान, म्हणजे मुखिया, लामाविन होता, लुडीचा चुलतभाऊ. कंपनीला आंबागवरून रस्ता न्यायचा होता. वरच्या कोर्टाने तात्पुरती परवानगी दिली होती. बदल्यात गावाला शहराची मोठी वीज मिळणार, शाळेला पत्रे मिळणार. कापितानने हे सगळं लुडीला दोनदा समजावलं. अडचण एकच होती. उकरायची यंत्रं चालू तारेजवळ नेता येत नाहीत, असा त्यांचा नियम. वीजघर जिच्या ताब्यात, तिने लाइन मेलेली आहे असं सांगितलं की काम सुरू.

“एवढं एक वाक्य, मनांग,” पास्कुआ म्हणाला. “बाकीचं आमच्याकडे लागलं.”

“लाइन मेलेली नाही,” लुडी म्हणाली.

“पुढे वाडीच नाही.”

“ते मला माहीत आहे. माझी बहीण तिथे होती.”

कापितानने घसा खाकरला. पास्कुआने मान खाली घातली, मग पिशवीतून स्वतःचा मीटर काढला. तो ऐकीव गोष्टींवर चालणारा माणूस नव्हता आणि लुडीला ते आवडलं. त्याने तार तपासली. कड्यावर जाऊन टोकं तपासली. संध्याकाळ होईपर्यंत थांबला आणि लुडीच्या शेजारी उकिडवा बसून पायऱ्या मोजत राहिला. शेवटचा दिवा लागला तेव्हा त्याने मीटर खाली ठेवला.

“जमिनीत गळती आहे,” तो म्हणाला. आवाजात जोर नव्हता.

“गळती संध्याकाळची वाट बघत नाही.”

“मग तिकडे आहे तरी काय?”

“मला माहीत नाही. मी आकडा सांगते. जिथे भार आहे ती लाइन चालू. चालू लायनीला मी मेलेली म्हणणार नाही.”

“खटका पाडला तर आपोआप मरेल की,” कापितान म्हणाला.

लुडी उठली आणि फळीला पाठ लावून उभी राहिली. “पाड. पण मला उचलून बाजूला ठेवावं लागेल, लामाविन. आणि उद्या गावात सांगावं लागेल की मनांग लुडीला तू हात लावलास.”

कापितानने हात लावला नाही. जाताना तो दारात एवढंच म्हणाला की तुझं डोकं ठिकाणावर नाही. पास्कुआ वळून वळून तिसऱ्या मीटरकडे बघत होता.

पुढच्या आठवड्यात वरच्या ओढ्याचं पाणी आटलं. उन्हाळा नव्हता. कंपनीच्या लोकांनी डागडुजीच्या नावाखाली ओढा वरच्या वर दुसऱ्या घळीत वळवला होता. पाट कोरडा पडला, टर्बाइन थांबलं, आणि गावाला पहिल्यांदाच वीजघराचा आवाज नसताना काय ऐकू येतं ते कळलं. कोंबड्या, मुलांचं रडणं, दूर कुठेतरी यंत्रांची धडधड. बायका उखळात भात कांडू लागल्या. संध्याकाळ झाली की घराघरांत चुलीचा उजेड तेवढा उरे.

चर्चच्या अंगणात सभा भरली. आधी सगळे कंपनीला शिव्या देत होते, मग हळूहळू रोख लुडीकडे वळला. मेलेल्यांसाठी जिवंतांना अंधारात ठेवतेस, असं एकीने तिला तोंडावर सुनावलं. दुसऱ्याने विचारलं, की खाली जर तुझी बहीण दिवे लावून बसली असेल तर आमच्यासाठी एखादा वर पाठवायला सांग. त्यावर काहीजण हसले. लुडीने सगळं ऐकून घेतलं. आपो इनास तिच्या बाजूला येऊन बसली.

“मी कोणालाही परत आणत नाही,” लुडी शेवटी म्हणाली. “तेवढी अक्कल मला आहे. पण त्यांच्यावर डोंगर टाकून झाला, आता यंत्रं घालायची आहेत, आणि वर मी म्हणायचं की खाली काही नव्हतंच. हे मी म्हणणार नाही. अंधारात बसायचं असेल तर मी पहिली बसते.”

दुसऱ्या दिवशी दुपारी पास्कुआ आणि कापितान शेवटचं विचारायला आले. लुडी वीजघरातच होती. बंद यंत्राला रोज फडकं मारायचा तिचा नेम सुटला नव्हता. नळाच्या तोंडातून थेंब पडत होते. छतावरचा दिवा विझलेला, दारातून येणारं ऊन जमिनीवर चौकोनी पडलेलं.

“एक शब्द, लुडी,” कापितान म्हणाला. आज त्याचा आवाज विनवणीचा होता. “उद्या सकाळी पाणी येईल.”

“लाइन चालू आहे.”

“अगं, कशावर चालू? जनित्र तुझ्यासमोर थंड पडलंय.”

लुडी त्याच्या डोक्याच्या वर, छताकडे बघत होती.

छतावरच्या दिव्याची तार निखाऱ्यासारखी लाल झाली होती.

तिघेही बघत राहिले. लाल तार नारिंगी झाली. मग पिवळी. मग दिवा नेहमीसारखा लागला.

टर्बाइन हललं नव्हतं. थेंब तसेच पडत होते.

बाहेर कोणीतरी ओरडलं. मग गिरणीचा पट्टा फिरू लागल्याचा आवाज आला. चर्चचा कर्णा खरखरला.

पास्कुआने मीटर काढला. दाब दोनशे वीस. पहिल्या लायनीवर भार. दुसऱ्या लायनीवर भार. दोन्हींची बेरीज त्याने तिसऱ्या तारेवरच्या आकड्याशी ताडून पाहिली. तंतोतंत तेवढाच.

लुडीने काचेवर बोट ठेवलं. “चकती बघा.”

तिसऱ्या मीटरची चकती उलटी फिरत होती.

“उणे,” पास्कुआ पुटपुटला. ओठ हलवत तो हिशोब करत होता. “शक्ती उणे येते. रोध उणे येतो. भार नाही हा.” तो थांबला. “ते घेत नाहीयेत. ते देतायत.”

कापितान गुडघ्यांवर बसला होता. केव्हा बसला ते कोणी पाहिलं नाही.

लुडीने फडकं खांद्यावर टाकलं आणि दार पूर्ण उघडलं. “आता सांगा तुमच्या यंत्रवाल्यांना,” ती म्हणाली. “लाइन चालू आहे.”

पास्कुआने सांगितलं. कसं सांगितलं, काय सांगितलं, ते गावाला कधी कळलं नाही. पण यंत्रवाल्यांनी आंबागच्या मातीवर चढायला नकार दिला. एकजण तर कड्यापर्यंत येऊन, शेवटच्या खांबाखाली थोडा वेळ कान देऊन उभा राहिला आणि तसाच माघारी निघून गेला. कंपनीने रस्ता पलीकडच्या डोंगराने फिरवला. पास्कुआने नोकरी सोडली असं ऐकू आलं. गावाच्या माणसांनी वर जाऊन ओढ्याचा बांध हातांनी फोडला, तेव्हा अडवायला कोणी नव्हतं. सगळ्यात पुढे पहार घेऊन कापितान लामाविन होता. लुडीशी त्याने त्या दुपारबद्दल कधी एक अक्षर काढलं नाही, पण तिच्या दारात सरपण मात्र न चुकता येऊन पडू लागलं.

पाटाला पाणी आलं, टर्बाइन फिरू लागलं, तिसरी चकती पुन्हा सुलटी झाली. संध्याकाळी पायऱ्या पुन्हा चढू लागल्या. गावाने त्यावर बोलणं बंद केलं. शनिवारी दुपारी दिवे बसले की बायका हातातलं काम थांबवत, पुन्हा उजळेपर्यंत नुसत्या बसून राहत. कोणी करवादत नसे.

त्या दुपारपासून पाणी परत येईपर्यंत सगळं गाव खालून आलेल्या विजेवर चाललं होतं. त्या दिवसांत जळलेले दिवे नंतर मंद पडत गेले. लुडीला वाटलं, चुलीच्या धुराने काळवंडले असतील. एका सकाळी तिने स्वयंपाकघरातला दिवा काढला आणि ओल्या फडक्याने पुसला. काच बाहेरून स्वच्छ निघाली, तरी पलीकडचं दिसेना. ती तो दारात उजेडाला घेऊन गेली.

काच कुठेही तडकली नव्हती. टोपणाचं सील अभंग होतं. आत, बुडाशी, चमचाभर लाल माती साठली होती, अजून ओली. तिचा पातळ थर काचेला आतून सगळीकडे धरला होता. फक्त एका जागी, डोळ्याएवढ्या वर्तुळात, काच साफ होती. धूळ धरलेल्या खिडकीतून बाहेर बघायला बोटाने पुसतात, तशी. आतल्या बाजूने.

लुडीने दिवा परत होल्डरमध्ये बसवला, आणि खटका चालू केला.